गेस्टच्या मेमरीला हात लावताना

एकाच संगणकावर अनेक व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या हायपरव्हायजरचे काम वरकरणी वाटणीचे दिसते. प्रोसेसरचा वेळ वाटून द्यायचा, मेमरी वाटून द्यायची आणि एका मशीनने दुसऱ्याच्या हद्दीत शिरू नये एवढे पाहायचे. मेमरीची ही राखण आता जवळजवळ सगळी प्रोसेसरच करतो. मात्र हायपरव्हायजरला स्वतःलाही गेस्टच्या, म्हणजे आत चालणाऱ्या मशीनच्या, मेमरीत वारंवार जावे लागते. गेस्टने डिस्कवरचा मजकूर मागितला, तर तो त्याने सांगितलेल्या पत्त्यावर कोणीतरी नेऊन ठेवावा लागतो. त्याला नेटवर्कवर पॅकेट पाठवायचे असेल, तर ते त्याच्या मेमरीतून कोणीतरी उचलावे लागते. हे काम डिव्हाइस मॉडेल नावाचा हायपरव्हायजरचा भाग करतो. डिस्क, नेटवर्क कार्ड, सिरियल पोर्ट अशा उपकरणांची सोंगे घेणारे हे साधे सॉफ्टवेअर असते, आणि हायपरव्हायजरमधील सुरक्षेच्या चुका फार मोठ्या प्रमाणात याच भागात सापडत आल्या आहेत.

अडचणीचे मूळ असे आहे की ही मेमरी होस्टने, म्हणजे मशीन ज्यावर चालते त्या मूळ संगणकाने, दिलेली असते, होस्टच्या प्रोसेसच्या पत्त्यांमध्ये ती दिसतही असते, पण तिच्यातील मजकूर पूर्णपणे गेस्टच्या ताब्यात असतो. कोठे लिहायचे तो पत्ता गेस्ट देतो, किती लिहायचे ती लांबीही गेस्टच देतो, आणि आपण लिहीत असताना त्याचे दुसरे प्रोसेसर तीच जागा बदलत असू शकतात. भाड्याने दिलेल्या क्लाउड मशीनमध्ये गेस्ट कोण चालवत आहे हे माहीत नसते, म्हणून तो शत्रू आहे असे धरूनच हा कोड लिहावा लागतो. दुसरीकडे हीच वाट सर्वांत जास्त वापरली जाते. वेगवान नेटवर्क कार्डाच्या मागे सेकंदाला लाखो पॅकेटे येतात आणि प्रत्येक पॅकेटामागे गेस्टच्या मेमरीत अनेक वेळा वाचन-लेखन होते. सुरक्षितता आणि वेग यांची येथे ओढाताण असते, असे बहुधा सांगितले जाते. माझ्या मते ही ओढाताण वाटते तेवढी नाही. तपासणी नेमक्या जागी आणि एकदाच झाली, तर ती फारशी महाग पडत नाही. चुकीच्या जागी केली, तर ती कितीही वेळा केली तरी उपयोगाची नसते.

पत्त्यांचे चार थर

गेस्टमधील एखादा प्रोग्राम जो पत्ता वापरतो, तो गेस्टचा आभासी पत्ता. मेमरी पानांमध्ये, म्हणजे ठराविक आकाराच्या तुकड्यांत, विभागलेली असते आणि कोणते पान कोठे आहे हे पेज टेबलांत लिहिलेले असते. गेस्टच्या कर्नलने, म्हणजे त्याच्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याने, मांडलेल्या पेज टेबलांच्या आधारे त्या पत्त्याचे रूपांतर गेस्टच्या भौतिक पत्त्यात होते. गेस्टच्या दृष्टीने ही खरी रॅम असते. प्रत्यक्षात मात्र तीही आभासीच असते. होस्टवर हायपरव्हायजरची प्रोसेस ती आपल्या आभासी पत्त्यांमध्ये पाहते, आणि त्याच्याही खाली होस्टचा खरा भौतिक पत्ता, म्हणजे मेमरीच्या चिपवरची जागा असते.

गेस्टचा कोड प्रोसेसरवर धावत असताना या थरांमधून जाण्याचे काम हार्डवेअर करते. पूर्वी ते करत नसे. तेव्हा हायपरव्हायजरला गेस्टच्या पेज टेबलांची एक सावली स्वतः सांभाळावी लागे आणि गेस्टने आपल्या टेबलात बदल केला की ती दुरुस्त करावी लागे. एएमडीने २००७ मध्ये बार्सिलोना प्रोसेसरांत आणि इंटेलने २००८ मध्ये नेहालेम प्रोसेसरांत पेज टेबलांचा दुसरा थर हार्डवेअरमध्येच दिला. इंटेलच्या या सोयीला ईपीटी म्हणतात. त्याची किंमतही समजून घेण्यासारखी आहे. गेस्टची टेबले सहसा चार पातळ्यांची असतात, पण त्या टेबलांचे पत्तेसुद्धा गेस्टचे भौतिक पत्ते असतात. त्यामुळे एकेक पातळी गाठण्यासाठी आधी दुसऱ्या थराची चार वाचने आणि मग त्या नोंदीचे एक वाचन, अशी चार पातळ्यांची २० वाचने होतात. शेवटी हाती आलेल्या पत्त्यासाठी आणखी ४ लागतात. म्हणजे सर्वांत वाईट स्थितीत एका पत्त्यासाठी २४ वाचने. अलीकडची रूपांतरे जपून ठेवणारा टीएलबी नावाचा छोटा कॅशे हा खर्च बहुतेक वेळा झाकून टाकतो, आणि होस्टने ४ केबीऐवजी २ एमबी किंवा १ जीबीची मोठी पाने वापरली तर पातळ्याच कमी होतात.

गेस्टच्या स्वतःच्या वाचन-लेखनाची व्यवस्था अशी झाली. गेस्ट आपल्या वाट्याबाहेरच्या पत्त्यावर गेला, तर प्रोसेसर त्याला अडवतो आणि हायपरव्हायजरला बोलावतो. डिव्हाइस मॉडेलला मात्र हे संरक्षण लाभत नाही, कारण ते सहसा होस्टवरची सामान्य प्रोसेस म्हणून धावते आणि तिला आपल्या पत्त्यांमधले सर्व काही लिहिता येते. गेस्टने दिलेल्या आकड्याला ती पत्ता मानून चालू लागली, तर वाटेत थांबवणारे कोणी नसते.

रॅम कशी मांडलेली असते

लिनक्सवर ही मांडणी बहुतेक वेळा केव्हीएम या कर्नलमधील हायपरव्हायजरच्या भागातून होते. केव्हीएम फेब्रुवारी २००७ मध्ये कर्नलच्या २.६.२० आवृत्तीत आले. हायपरव्हायजरची प्रोसेस एमएमॅप या सिस्टीम कॉलने, म्हणजे कर्नलकडे केलेल्या मागणीने, एक मोठा पट्टा मिळवते आणि केव्हीएमला सांगते की गेस्टच्या अमुक भौतिक पत्त्यापासून इतके बाइट म्हणजे माझ्या अमुक आभासी पत्त्यापासूनचे बाइट समजावेत. अशा प्रत्येक नोंदीला मेमस्लॉट म्हणतात. क्यूएमू असो, फायरक्रॅकर असो वा क्रॉसव्हीएम, हे हायपरव्हायजर लिनक्सवर सहसा याच पायावर उभे असतात.

गेस्टची सगळी रॅम एका सलग पट्ट्यात असती, तर पत्त्याचे रूपांतर म्हणजे केवळ एक बेरीज झाली असती. एक्स८६, म्हणजे इंटेल-एएमडी धर्तीच्या, मशीनवर तसे नसते. ४ जीबीच्या खालचा काही भाग उपकरणांच्या रजिस्टरांसाठी, म्हणजे त्यांना हुकूम देण्याच्या जागांसाठी, मोकळा सोडावा लागतो, त्यामुळे मोठ्या गेस्टची रॅम दोन तुकड्यांत विभागली जाते: एक तुकडा या भगदाडाच्या खाली आणि उरलेला ४ जीबीच्या वर. चालू मशीनला नंतर रॅम वाढवून दिली, तर आणखी तुकडे येतात. म्हणून रूपांतर करताना पत्ता कोणत्या तुकड्यात पडतो ते शोधायचे, तुकड्याच्या आरंभापासूनचे अंतर काढायचे आणि ते त्या तुकड्याच्या होस्टवरील आरंभात मिळवायचे. तुकडे थोडे असतात, ते क्रमाने लावून ठेवता येतात, आणि मागच्या वेळी जो तुकडा सापडला तोच आधी पाहिला तर शोध बहुतेक वेळा पहिल्याच तुलनेत संपतो. हद्दीच्या तपासणीमुळे हायपरव्हायजर मंदावतो ही तक्रार म्हणूनच मला पटत नाही. एक-दोन तुलनांचा खर्च पुढच्या मेमरी वाचनाच्या खर्चात दिसतही नाही.

यापेक्षा वेगळी एक रचनाही आहे. गेस्टच्या संपूर्ण भौतिक पत्त्यांच्या पट्ट्याएवढी आभासी जागा होस्टच्या प्रोसेसमध्ये आरंभीच राखून ठेवायची, जेथे रॅम आहे तेथे ती जोडायची आणि उरलेल्या ठिकाणी वाचन-लेखनाची परवानगीच ठेवायची नाही. ६४ बिटांच्या पत्त्यांमध्ये एवढी जागा सहज मिळते आणि राखून ठेवण्याला खरी रॅम लागत नाही. मग रूपांतरासाठी पट्ट्याच्या टोकाशी एक तुलना आणि एक बेरीज पुरते; भगदाडात हात गेला तर प्रोसेसरच फॉल्ट, म्हणजे अडवणुकीचा इशारा, देतो. अट एवढीच की तो फॉल्ट पकडून ‘हा पत्ता चालत नाही’ असे शांतपणे उत्तर देणारे खास कॉपी फंक्शन लिहावे लागते. लिनक्स कर्नल युजर प्रोग्रामच्या मेमरीतून वाचताना वर्षानुवर्षे हेच करत आला आहे: प्रोसेसरच्या कोठल्या सूचनेवर फॉल्ट आला तर कोठून पुढे चालायचे, याची एक तक्ती तो बाळगतो. तपासणीचा मोठा भाग येथे हार्डवेअरकडे सोपवला जातो, म्हणून ही रचना वेगवान आहे. पण गेस्टच्या मेमरीवरचे प्रत्येक वाचन त्या खास फंक्शनमधूनच झाले पाहिजे, कारण इतर कोठे फॉल्ट आला तर सगळी प्रोसेस कोसळते.

सोळा बाइटांची गोष्ट

आता एक नोंद जवळून पाहू. व्हर्टआयओ या प्रमाणित पद्धतीत गेस्ट आणि डिव्हाइस मॉडेल यांच्यामधील कामे डिस्क्रिप्टर नावाच्या छोट्या नोंदींमधून चालतात. एक डिस्क्रिप्टर १६ बाइटांचा असतो: पहिले ८ बाइट म्हणजे बफरचा, म्हणजे मजकूर ठेवण्याच्या जागेचा, गेस्टमधील भौतिक पत्ता, पुढचे ४ त्याची लांबी, मग २ बाइट खुणांसाठी आणि शेवटचे २ पुढच्या डिस्क्रिप्टरचा क्रमांक. हे सोळाच्या सोळा बाइट गेस्टने लिहिलेले असतात आणि त्यांतील एकही आकडा विश्वासाने घेण्यासारखा नसतो.

समजा, गेस्टने पत्ता दिला २ चा ६४वा घात वजा ४०९६, आणि लांबी दिली ८१९२. तपासणी जर ‘पत्ता अधिक लांबी ही रॅमच्या टोकापेक्षा मोठी नसावी’ अशी लिहिली असेल, तर ६४ बिटांची बेरीज फिरून परत शून्यावरून मोजू लागते आणि उत्तर येते ४०९६. तपासणी पार पडते आणि पुढचे फंक्शन भलत्याच पत्त्याकडे निघते. बरोबर तपासणीत बेरीज नसतेच. आधी पत्ता तुकड्याच्या आत आहे का हे पाहायचे, मग तुकड्याच्या टोकापर्यंत किती बाइट उरतात ते वजाबाकीने काढायचे, आणि शेवटी मागितलेली लांबी त्या उरलेल्यापेक्षा जास्त नाही ना हे पाहायचे. उरलेले बाइट कधी ऋण होत नाहीत आणि फिरूनही येत नाहीत.

लांबी टोकापलीकडे गेली म्हणून विनंती थेट फेटाळावी का, याचे उत्तर मात्र सरळ नाही. गेस्टला दोन तुकडे लागून दिसत असतील, तर त्यांच्या सीमेवर पसरलेला बफर अगदी कायदेशीर असतो. होस्टवर मात्र ते तुकडे दोन वेगळ्या ठिकाणी असू शकतात. त्यामुळे रूपांतर करणाऱ्या फंक्शनने एक पॉइंटर, म्हणजे होस्टमधील नुसता पत्ता, परत देणे हीच मुळात चुकीची रचना ठरते. त्याने तुकड्यांची यादी द्यावी, आणि पुढच्याने ती क्रमाने भरावी. पॉइंटर हातात पडला की लोक त्याच्यापुढे हवे तेवढे बाइट चालतात, हा अनुभव जुना आहे.

तिसरी शक्यता अधिक बेरकी आहे. दिलेला पत्ता रॅमचा नसून एखाद्या उपकरणाच्या रजिस्टराचा असेल तर? खऱ्या हार्डवेअरवर एक उपकरण दुसऱ्या उपकरणाच्या रजिस्टरात लिहू शकते, म्हणून काही हायपरव्हायजर हे चालू देतात. पण गेस्टने डिस्कला तिच्याच रजिस्टराचा पत्ता दिला, तर डिस्कचा कोड अर्धे काम झालेले असताना पुन्हा स्वतःलाच हाक मारतो, आणि त्या दुसऱ्या हाकेत उपकरण रीसेट झाले तर पहिल्या हाकेला परतल्यावर मोकळी केलेली मेमरी वापरली जाते. क्यूएमूच्या एनव्हीएमई डिस्कमध्ये नेमकी अशी चूक सापडली होती. सुरक्षेच्या चुकांच्या सार्वजनिक यादीत तिची नोंद सीव्हीई-२०२१-३९२९ या क्रमांकाने आहे. पुढे क्यूएमूमध्ये असा पुनःप्रवेश रोखणारा सर्वसाधारण पहारा बसवण्यात आला. नव्या, आटोपशीर हायपरव्हायजरांपैकी बरेच जण हा प्रश्न मुळातच काढून टाकतात: व्हर्टआयओचे बफर रॅममध्येच असले पाहिजेत, नाहीतर विनंती अमान्य. मला हा मार्ग जास्त शहाणपणाचा वाटतो, कारण व्हर्टआयओ वापरणाऱ्या नेहमीच्या ड्रायव्हरला या मुभेची गरज क्वचितच पडते.

तपासले एक, वापरले दुसरे

हद्दीच्या चुका डोळ्यांना दिसतात. कोड वाचताना त्या सापडतात, चाचणीतही सापडतात. काळाच्या चुका तशा दिसत नाहीत. वर सांगितलेली तपासणी निर्दोष लिहिली, तरी ती करताना लांबी गेस्टच्या मेमरीतून एकदा वाचली आणि प्रत्यक्ष कॉपी करताना पुन्हा वाचली, तर या दोन वाचनांच्या मध्ये गेस्टचा दुसरा प्रोसेसर ती बदलू शकतो. तपासनिसाने अर्जावरचा आकडा पाहून मान हलवावी आणि शिक्का मारण्यासाठी अर्ज पुढच्या टेबलावर जाताना अर्जदाराने त्यावर एक शून्य वाढवावे, तसा हा प्रकार आहे. हल्लेखोराला ही वेळ दर खेपेला साधावी लागत नाही. त्याच्याकडे अख्खा प्रोसेसर असतो. तो एका बाजूने ती लांबी अखंड बदलत ठेवतो आणि दुसऱ्या बाजूने विनंत्या पाठवत राहतो. लाखात एकदा जमले तरी त्याचे काम होते.

यावरचा उपाय सांगायला सोपा आहे: डिस्क्रिप्टर एकदाच, संपूर्ण, आपल्या खाजगी मेमरीत उतरवून घ्यायचा आणि तपासणी व वापर दोन्ही त्या प्रतीवरच करायचे. पण कोड लिहिणाऱ्याने एकदाच वाचले म्हणून मशीनही एकदाच वाचेल याची खात्री नसते. सामान्य व्हेरिएबल कोणी दुसरा बदलत नाही असे कंपायलर गृहीत धरतो आणि सोयीचे वाटले तर तीच जागा पुन्हा वाचतो. हे पुस्तकी नाही. डिसेंबर २०१५ मध्ये झेन या हायपरव्हायजरच्या प्रकल्पाने एक्सएसए-१५५ ही सुरक्षा-सूचना जाहीर केली, ती याच जातीच्या चुकांबद्दल होती. त्यांतील एका ठिकाणी मूळ सी कोडमध्ये व्हेरिएबल एकदाच वाचलेले दिसत होते, पण कंपायलरने स्विच विधानाचे, म्हणजे आकड्यावरून कोडची शाखा निवडणाऱ्या विधानाचे, उडी-तक्त्यात रूपांतर करताना सामायिक मेमरीतून दोनदा वाचन घडवले: एकदा आकडा मर्यादेत आहे का हे पाहण्यासाठी आणि एकदा प्रत्यक्ष उडी मारण्यासाठी. या दोहोंच्या मध्ये आकडा बदलला की उडी कोठे पडेल हे हल्लेखोर ठरवतो. म्हणूनच अशा वाचनावर व्होलाटाइलची खूण लागते. लिनक्स कर्नलमध्ये त्यासाठी रीड-वन्स हा मॅक्रो आहे. तो कंपायलरला बजावतो की हे वाचन एकदाच कर, वगळू नकोस आणि दोनदाही करू नकोस.

रस्ट भाषेत हायपरव्हायजर लिहिणाऱ्यांना हा प्रश्न अधिक टोकदारपणे भिडतो. रस्टमध्ये एखाद्या जागेचा साधा संदर्भ तयार करणे म्हणजे तो संदर्भ जिवंत असेपर्यंत ती जागा कोणी बदलणार नाही, असे वचन कंपायलरला देणे. गेस्टच्या मेमरीबाबत हे वचन कोणालाच देता येत नाही, त्यामुळे तिच्यावर साधी स्लाइस, म्हणजे सलग बाइटांचा संदर्भ, तयार करणे हे एकही बाइट चुकीचा न वाचता नियमभंग ठरते. रस्ट-व्हीएमएम या सामायिक प्रकल्पातील व्हीएम-मेमरी ही लायब्ररी म्हणून सहसा साधा संदर्भ देत नाही. ती एक अपारदर्शक तुकडा देते, ज्यातून मजकूर कॉपी करून घेता येतो किंवा ज्यात कॉपी करता येतो, पण ज्याच्यावर थेट बोट ठेवता येत नाही. आणखी एक बारकावा तेथे पाळलेला दिसतो. गेस्टच्या बाइटांचे रूपांतर ज्या प्रकारात करायचे, त्या प्रकारात बाइटांची कोणतीही मांडणी वैध असली पाहिजे. साध्या पूर्णांकांचे तसे असते; बूल प्रकाराचे नसते, कारण त्यात ० किंवा १ एवढेच चालते आणि गेस्ट खुशाल ७ लिहून ठेवतो. तेव्हा आधी पूर्णांक म्हणून घ्यायचे आणि मग हाताने अर्थ लावायचा.

कॉपी करताना आकाराचेही भान लागते. रांगेतील पुढच्या कामाचा क्रमांक २ बाइटांचा असतो. कॉपी करणाऱ्या फंक्शनने तो एकेक बाइट करून उचलला आणि मध्येच गेस्टने तो २५५ वरून २५६ केला, तर एका आकड्याचा वरचा बाइट आणि दुसऱ्याचा खालचा बाइट मिळून ५११ किंवा ० असा कोणीच न लिहिलेला क्रमांक हाती येतो. म्हणून नैसर्गिक सीमेवर असलेले लहान आकडे प्रोसेसरच्या एका सूचनेतच वाचावे लागतात. शिवाय क्रमांक वाढलेला दिसला, तर त्याच्या आधी लिहिलेला डिस्क्रिप्टरही दिसलाच पाहिजे, यासाठी त्या वाचनाला क्रमाचे बंधन घालावे लागते. एक्स८६ प्रोसेसर वाचनांचा क्रम बराचसा आपणहून पाळतात, त्यामुळे हे बंधन विसरलेला कोड तेथे बिनबोभाट चालतो आणि एआरएम मशीनवर नेल्यावर अधूनमधून बिघडतो.

कॉपी कशाची करायची आणि कशाची नाही

एवढे सांगितल्यावर वाटेल की सगळेच कॉपी करावे आणि निश्चिंत व्हावे. वेग खरोखर हातचा जातो तो येथे. डिस्कवरून १ एमबी मजकूर वाचून आधी आपल्या बफरमध्ये आणि मग गेस्टच्या मेमरीत टाकला, तर प्रत्येक बाइट मेमरीच्या मार्गावरून जास्तीच्या खेपा करतो आणि प्रोसेसरचा कॅशे उगाच भरतो. यातला विवेक असा आहे की ज्या मजकुराच्या आधारे आपण निर्णय घेतो, तो कॉपी करायचा. जो मजकूर आपण केवळ पोहोचवतो, तो करायचा नाही. डिस्क्रिप्टर, विनंतीचे शीर्षक, सेक्टरचा क्रमांक हे सगळे मिळून काही डझन बाइट असतात आणि त्यांची प्रत काढणे नगण्य आहे. मूळ मजकुराच्या बफराचे पत्ते मात्र तपासून, होस्टच्या पत्त्यांच्या यादीत बदलून, थेट कर्नलला द्यायचे. एकाच सिस्टीम कॉलमध्ये अनेक तुकडे भरण्याची सोय लिनक्समध्ये आहे, आणि होस्टचा पेज कॅशे, म्हणजे फाइलींच्या मजकुराची रॅममधील प्रत, टाळून वाचायचे ठरवले तर डिस्कचा कंट्रोलर मजकूर सरळ गेस्टच्या पानात उतरवतो. मध्ये गेस्टने त्या बफरात गडबड केली, तर त्याचाच मजकूर बिघडतो, होस्टचे काही जात नाही.

निदान बहुतेक वेळा जात नाही. होस्टवर डिस्कच्या मजकुराचे चेकसम, म्हणजे पडताळणीचे आकडे, ठेवणारी फाइलसिस्टीम असेल, उदाहरणार्थ बीटीआरएफएसची जुनी आवृत्ती, आणि कॅशे टाळून लिहिताना चेकसम काढल्यानंतर गेस्टने बफर बदलला, तर डिस्कवर असा मजकूर जातो ज्याचा चेकसम जुळत नाही. नंतर होस्टवर ती डिस्क खराब झाल्याची सूचना येते आणि दोष कोणाचा हे कळत नाही. पॅकेटाचे हेडर पाहून ते पुढे सोडायचे की नाही हे ठरवणाऱ्या नेटवर्क कोडलाही तेच लागू: ज्या क्षणी आपण मजकुरावरून निर्णय घेऊ लागतो, त्या क्षणी तेवढ्या भागाची प्रत घ्यावी लागते आणि जे तपासले तेच पुढे पाठवावे लागते.

पायाखालची जमीन सरकते तेव्हा

आतापर्यंत मेमरी जागच्या जागी आहे असे धरले. तीही नेहमी असतेच असे नाही. रॅम काढून घेता येते, तुकड्यांची मांडणी बदलता येते, आणि वेगासाठी कोणी मागच्या वेळचे रूपांतर जपून ठेवले असेल, तर ते जुन्या जागेकडे बोट दाखवत राहते. यासाठी बहुतेक ठिकाणी मांडणीचा नकाशा न बदलता येणारी वस्तू म्हणून ठेवतात. बदल करायचा झाल्यास नवा नकाशा तयार करून एका अविभाज्य क्रियेने तो जुन्याच्या जागी लावतात, आणि जुना नकाशा त्याचा शेवटचा वापरकर्ता दूर झाल्यावरच मोडतात. वाचणाऱ्याला कुलूप लावावे लागत नाही, म्हणून ही पद्धत रोजच्या वाटेवर परवडते.

डिव्हाइस मॉडेल वेगळ्या प्रोसेसमध्ये असेल, तर आणखी एक धोका असतो. व्हीहोस्ट-युजर पद्धतीत गेस्टची रॅम एका फाइलच्या रूपाने दोन प्रोसेसमध्ये सामायिक केली जाते. त्यांतील एकीने ती फाइल आखूड केली, तर दुसरीला कापल्या गेलेल्या भागाला स्पर्श करताच सिगबस हा सिग्नल येतो आणि ती मरते. लिनक्समध्ये २०१४ पासून मेमरीतील अशा फाइलीवर ‘आखूड करता येणार नाही’ असे सील लावण्याची सोय आहे, आणि परक्या प्रोसेसकडून मेमरी घेताना ते सील आहे की नाही हे पाहणे हाच साधा उपाय आहे.

चालत्या मशीनचे एका संगणकावरून दुसऱ्यावर स्थलांतर करताना गेस्टच्या मेमरीला लावलेल्या प्रत्येक हाताची नोंद ठेवावी लागते. स्थलांतरात रॅम आधी पूर्ण पाठवली जाते आणि त्या वेळात बदललेली पाने पुन्हा पाठवली जातात. गेस्टने स्वतः बदललेली पाने केव्हीएम टिपून ठेवते, पण डिव्हाइस मॉडेल होस्टच्या पत्त्यांमधून लिहिते, आणि ते लेखन त्या टिपणात येत नाही. ती नोंद ज्याने लिहिले त्यानेच करायची असते. एका ठिकाणी विसरले तर स्थलांतर यशस्वी होते, मशीन नव्या ठिकाणी चालू होते, आणि कोठेतरी एका पानात जुना मजकूर राहून जातो. अशी चूक शोधायला बसणे ही शिक्षाच असते. नोंद करणाऱ्या कोडमध्येही घात होऊ शकतो: २०१९ मध्ये लिनक्स कर्नलच्या व्हीहोस्टमध्ये, म्हणजे व्हर्टआयओचे काम कर्नलमध्येच करणाऱ्या भागात, सीव्हीई-२०१९-१४८३५ ही चूक उघड झाली. स्थलांतर चालू असताना गेस्टने अवैध लांबीचे डिस्क्रिप्टर दिले, तर बदलांची नोंद ठेवणारा होस्टचा बफरच ओसंडत असे. गेस्टच्या मेमरीकडे जाणारी वाट एकच, अरुंद आणि सगळ्यांना सक्तीची असावी, असा आग्रह का धरला जातो ते यावरून दिसते. हद्दीची तपासणी, एकदाच वाचणे, नकाशाची ताजी प्रत घेणे आणि बदलाची नोंद ठेवणे ही चारही कामे त्या एका दारात झाली, तर उपकरणाचा कोड लिहिणाऱ्याला ती आठवणीत ठेवावी लागत नाहीत.

होस्टलाच दार बंद

गेल्या काही वर्षांत या चित्राची दिशा उलटू लागली आहे. एएमडीचे एसईव्ही आणि इंटेलचे टीडीएक्स या तंत्रांत गेस्टची मेमरी कूटबद्ध असते आणि तिच्यातील मजकूर होस्टला वाचता येत नाही. होस्टच्या प्रोसेसमध्ये ती मुळात जोडलेलीच नसावी, यासाठी लिनक्सच्या ६.८ या २०२४ मधील आवृत्तीत गेस्ट-मेमएफडी नावाची सोय आली: गेस्टची खाजगी पाने केव्हीएमला दिली जातात, पण डिव्हाइस मॉडेलला त्यांचा आभासी पत्ता मिळत नाही. पत्ताच नसल्यामुळे चुकून तेथे लिहिण्याचा प्रश्नही उरत नाही.

मग डिस्क आणि नेटवर्क कसे चालायचे? गेस्ट आपल्या रॅममधील एक छोटा भाग उघडा, म्हणजे सामायिक म्हणून जाहीर करतो आणि येणारा-जाणारा सर्व मजकूर त्या भागातून कॉपी करून नेतो. जी कॉपी टाळण्यासाठी एवढी खटपट केली, ती या मार्गाने परत येते आणि तिचा भार आता गेस्टवर पडतो. उपकरणालाच विश्वासाच्या वर्तुळात घेऊन त्याला खाजगी पानांत थेट लिहू देण्याची तंत्रे पुढे येत आहेत, पण त्यासाठी प्रोसेसर, उपकरण आणि दोन्ही बाजूंचे सॉफ्टवेअर यांची साथ लागते. दरम्यान सामायिक भागात होस्ट काय लिहील यावर गेस्टने विश्वास ठेवायचा नसल्यामुळे, काम पूर्ण झाल्यावर होस्टने कळवलेली लांबी आपण दिलेल्या बफरापेक्षा मोठी नाही ना, कळवलेला क्रमांक आपणच पाठवलेल्या कामाचा आहे ना, आणि तो एकदाच वाचून घेतला आहे ना, हे आता गेस्टमधील ड्रायव्हरना तपासावे लागते. उपकरण खरेच बोलते असे धरून लिहिलेले अनेक जुने ड्रायव्हर त्यामुळे पुन्हा उघडून, ओळीओळीने तपासले जात आहेत.